कानांतील बिल्ल्याची शिदोरी

आपल्या मंडळाच्या सभासदांकडून गेल्या कांहीं महिन्यांत जीं पत्रें आलीं, त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हां विचारलेला आढळतो. जनावराच्या कानांत टोचावयाचा चिपेचा बिल्ला विकणारे लोक सांगतात कीं, ह्याच्या आंत बॅटरी नाहीं, सेल नाहीं, आणि जनावराच्या जन्मभर ह्यास कांहीं खाऊं घालावें लागत नाहीं. मग हा बिल्ला आपला क्रमांक रीडरला कळवितो तो कशाच्या बळावर? ह्या प्रश्नास जोडूनच दुसराहि एक प्रश्न येतो, आणि तो पैशाचा आहे. असा बिल्ला कानांत असला म्हणजे चोरीस गेलेली गाय कोणत्या गांवीं आहे हें घरबसल्या मोबाइलवर दिसतें, असें सांगून कांहीं ठिकाणीं साध्या बिल्ल्याच्या कित्येक पट किंमत मागितली जाते. हें खरें असेल तर ती किंमत कमीच म्हणावी लागेल. खोटें असेल तर शेतकऱ्याची ती शुद्ध फसवणूक आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर नीट उमगलें म्हणजे दुसऱ्याचें उत्तर वाचकांस स्वतःच काढतां येईल, म्हणून आरंभ पहिल्यापासून करितों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पशुसंवर्धन खात्यामार्फत आपल्या गायी-म्हशींच्या कानांत जो पिवळा बिल्ला मारतात, व ज्यास लोक पशु-आधार म्हणूं लागले आहेत, त्यांत विजेचें कांहीं नाहीं. तो प्लॅस्टिकच्या जातीच्या चिवट पदार्थाचा तुकडा असून त्यावर बारा आंकडी क्रमांक व रेघांचा बारकोड छापलेला असतो. तो डोळ्यांनीं वाचावयाचा, नाहीं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानें टिपावयाचा. शेणानें माखला किंवा उन्हापावसानें छाप पुसट झाला कीं वाचन अडतें. आणि मारक्या बैलाच्या कानाशीं तोंड नेऊन बारा आंकडे वाचण्याची हौस कोणासच नसते. चिपेचा बिल्ला ह्याहून वेगळा. त्याच्या बटणासारख्या गोल पेटींत केंसासारख्या तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, एक लहानसा कंडेन्सर आणि तांदळाच्या दाण्याहूनहि बारीक अशी सिलिकॉनची चिप, एवढाच संसार असतो. क्रमांक त्या चिपेंत कोरलेला असतो. रीडरची कांडी कानाजवळ नेली कीं टिचकी वाजते आणि क्रमांक पडद्यावर उमटतो.

आमच्या वाचकांपैकीं जे वयोवृद्ध आहेत त्यांनीं क्रिस्टल सेट नांवाचा रेडिओ, स्वतः नसला तरी वडिलांच्या तोंडून, ऐकला असेल. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळीं तो बराच प्रचारांत होता. त्यास ना बॅटरी, ना वीज. उंच बांधलेली तार, जमिनींत पुरलेली तार, एक वेटोळें, गॅलीना म्हणजे शिशाच्या अशुद्ध धातूचा एक खडा आणि त्यावर टेकविलेली तारेची बारीक सोंड, एवढ्या सामग्रीवर कानास लावलेल्या फोनांत गाणें ऐकूं येई. त्या गाण्यास लागणारी शक्ति दूरच्या केंद्राच्या लहरीच पुरवीत. आपल्या अंगणांतून जाणाऱ्या लहरींतून ओंजळभर शक्ति काढून घ्यावयाची आणि तिच्यावरच काम भागवावयाचें, ही युक्ति तेव्हांपासूनची आहे. त्या खड्याचा गुण ओळखून त्याचा विद्युत्-लहरी टिपण्याकडे उपयोग करणारे पहिले संशोधक आपले जगदीशचंद्र बोस होत. त्यांनीं १९०१ सालीं अमेरिकेंत केलेल्या अर्जावरून १९०४ सालीं त्यांस ह्या शोधाचें पेटंट मिळालें. कानांतील बिल्ला हा त्या क्रिस्टल सेटचाच नातू समजावा. फरक एवढाच कीं, आजोबा शक्ति घेऊन ऐकत असत. नातू शक्ति घेऊन बोलतो.

ही शक्ति येते कशी तें आतां पाहूं. जनावरांच्या बिल्ल्यांकरितां १९९६ सालीं ११७८४ व ११७८५ ह्या क्रमांकांचीं दोन आंतरराष्ट्रीय मानकें ठरलीं. त्यांप्रमाणें रीडरच्या कांडींतील वेटोळ्यांतून सेकंदास १,३४,२०० वेळां उलटसुलट होणारा विजेचा प्रवाह सोडतात. प्रवाह असा मागेंपुढें होऊं लागला म्हणजे वेटोळ्याभोंवतीं चुंबकशक्तीचें क्षेत्र तितक्याच वेळां फुगतें व ओसरतें. आणि त्या क्षेत्रांत दुसरें वेटोळें आलें तर त्यांत आपोआप वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला हाच नियम गांवच्या रोहित्रांत म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्यें काम करीत असतो. रीडर आणि बिल्ला मिळून एक ट्रान्सफॉर्मरच होतो. मात्र त्याचीं दोन वेटोळीं एका लोखंडी गाभ्यावर घट्ट गुंडाळलेलीं नसून मध्यें वीतभर हवा व जनावराचा कान असतो. त्यामुळें पलीकडे पोंचणारा भाग फारच अल्प.

ह्या अल्प भागाचा जोर वाढविण्याकरितां वेटोळ्याला कंडेन्सर जोडलेला असतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलास बोटानें जरी ढकललें तरी ठेका साधल्यास झोंका वाढत वाढत आढ्यापर्यंत जातो. ठेका चुकला तर दोन हातांनीं ढकलूनहि उपयोग नाहीं. वेटोळें व कंडेन्सर ह्यांच्या जोडीस असाच स्वतःचा ठेका असतो. तो रीडरच्या ठेक्याशीं जुळविला म्हणजे बिल्ल्यांतील विजेचा दाब कित्येक पट चढतो. हा मेळ फार नाजूक असतो हें येथेंच लक्षांत ठेवावें. बिल्ल्याजवळ लोखंडाची पट्टी किंवा पिंजऱ्याचा गज आला तरी ठेका सरकतो आणि चांगला बिल्ला मुका होतो. लोखंडी खोड्यांत गाय अडकवून बिल्ला वाचूं पाहणाऱ्यास येणारा अनुभव बहुधा ह्याच कारणाचा असतो. दोष त्यांत बिल्ल्याचा नसतो.

एवढें झालें तरी हाती आलेली वीज उलटसुलट धांवणारी. चिपेस तर एकाच दिशेनें वाहणारी वीज पाहिजे. येथें क्रिस्टल सेटमधील खड्याचें काम डायोड नांवाचा सूक्ष्म भाग करतो. हातपंपांत जी झडप असते, जी पाणी वर जाऊं देते पण खालीं येऊं देत नाहीं, तीच डायोडची जागा. दांडा वरखालीं कसाहि हलवा, पाणी वरच चढतें. चार डायोड विशिष्ट रीतीनें मांडले म्हणजे लहरीचा पुढचा हिसका व मागचा हिसका असे दोन्ही कामास येतात. त्यांतून निघालेली वीज एका लहान कंडेन्सरांत सांठते. तो ह्या घरचा हौद. हौद पुरेसा भरला आहे कीं नाहीं हें पाहणारा एक पहारेकरीहि चिपेंत असतो. पाणी खुणेपर्यंत चढल्यावांचून तो चिपेस जागें होऊं देत नाहीं, कारण अर्धपोटीं उठलेली चिप चुकीचा क्रमांक बोलण्याचा संभव असतो. उलट रीडर अगदीं कानास भिडविला तर वीज इतकी येते कीं चिप जळून जाईल. त्याकरितां धरणास जसा सांडवा तसा येथें दाब-मर्यादक असतो. ठराविक दाबावर आलेली वीज तो परभारें वाहवून टाकतो. झडप, हौद, पहारा आणि सांडवा. पाणी वळविणाऱ्या माणसास ह्यांत नवें कांहींच वाटूं नये. नवल आहे तें हें सर्व तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेंत बसविण्याचें.

ह्या बिल्ल्यांच्या दोन जाती आहेत, आणि विकत घेतांना त्यांचीं नांवें कानीं पडतात म्हणून त्या सांगतों. एकीस एफ्‌डीएक्स-बी म्हणतात. ही जात जेवतां जेवतां बोलणारी : रीडरचें क्षेत्र चालू असतांनाच ती आपला निरोप देत राहते, आणि एक पूर्ण निरोप सुमारें तीस मिलिसेकंदांत संपतो. दुसरी एच्‌डीएक्स. ही आधीं जेवते, मग बोलते. रीडर पन्नास मिलिसेकंद क्षेत्र चालू ठेवून तिचा हौद भरतो, मग स्वतः गप्प बसतो. त्या शांततेंत ही आपल्या सांठविलेल्या शिदोरीवर वीस मिलिसेकंदांच्या आंत सर्व क्रमांक सांगून मोकळी होते. शांततेंत बोलली जाणारी गोष्ट लांबवर ऐकूं येते, म्हणून एच्‌डीएक्स जातीचा पल्ला सामान्यतः थोडा अधिक असतो. तिचा कंडेन्सर मात्र मोठा लागतो. चांगला रीडर दोन्ही जाती वाचतो. घेतांना ही खात्री करून घ्यावी.

मूठभर विजेवर चालणारा बिल्ला ओरडून सांगेल इतका दम त्यास कोठून? एफ्‌डीएक्स-बी जातींत तर तो ओरडतच नाहीं. तो आपल्या वेटोळ्यावर एक भार टाकतो आणि काढतो, पुन्हां टाकतो आणि काढतो. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यानें आपलें बारें उघडलें कीं वरच्या बाजूस पाण्याची पातळी केंसभर उतरते. बंद केलें कीं केंसभर चढते. वर बसलेला पाटकरी डोळ्यांत तेल घालून पाहील तर खालीं कोण काय करीत आहे हें त्यास पातळीवरून कळेल. रीडर हा तो पाटकरी होय. बिल्ल्याच्या भारामुळें त्याच्या स्वतःच्या वेटोळ्यांत जो सूक्ष्म चढउतार होतो, त्यावरून तो एक-एक आंकडा ओळखतो. म्हणजे हा बिल्ला यजमानाच्याच ताटांतील अन्न खाऊन त्याच ताटावर बोटांनीं वाजवून दाखवितो. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचें चरित्र ज्यांस ठाऊक आहे त्यांस एवढ्या काटकसरीचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां त्या चोरीस गेलेल्या गायीकडे वळूं. चुंबकशक्तीचें हें क्षेत्र वेटोळ्यापासून दूर जातांना अंतराच्या घनाच्या प्रमाणांत कमी होतें. अंतर दुप्पट झालें तर जोर अष्टमांश. आणि विजेच्या शक्तीचा हिशेब केला तर चौसष्टावा हिस्सा. हातांतील कांडीनें बिल्ला वीतभर किंवा हातभर अंतरावरून वाचतां येतो. अरुंद वाटेच्या बाजूस उभ्या केलेल्या मोठ्या चौकटीनें सुमारें एक मीटरवरून. समजा, एक मीटरवर चांगला चालणारा बिल्ला शंभर मीटरवरून जागा करावयाचा आहे. क्षेत्राचा जोर दहा लक्षांश उरेल, आणि तो पूर्वीइतका करावयाचा तर रीडरची शक्ति एकावर बारा शून्यें इतक्या पटीनें वाढवावी लागेल. असें यंत्र कोणीहि बांधलेलें नाहीं व बांधणारहि नाहीं. बिल्ला तर आकाशांतील उपग्रहाचें ऐकत नाहीं, मोबाइलच्या मनोऱ्याशीं बोलत नाहीं. त्यास जवळ येऊन कोणी खाऊं घातलें नाहीं तर तो दगडासारखा पडून असतो. म्हणून ह्या बिल्ल्यावरून चोरीची गाय घरबसल्या सांपडते हें विधान सपशेल खोटें आहे. ती गाय एखाद्या बाजाराच्या फाटकांत, कत्तलखान्यांत किंवा दवाखान्यांत येऊन तेथील रीडरखालून गेली, आणि तेथील माणसानें तो क्रमांक नोंदवहीशीं ताडून पाहिला, तरच चोरी उघडकीस येईल. ही उपयुक्तता लहान नाहीं. पण ती बिल्ल्याइतकीच नोंदवहीची व माणसाची आहे. ठावठिकाणा सतत कळविणारे पट्टे मिळतात ते वेगळे. ते गळ्यांत बांधावयाचे असून त्यांत उपग्रहावरून स्थान ठरविणारें यंत्र, मोबाइलचें सिमकार्ड आणि बॅटरी असते. ती बॅटरी भरण्याचा व्याप मालकाच्या मागें राहतो. पट्ट्याचे गुण बिल्ल्याच्या नांवावर खपविणाऱ्यास हें सर्व नीट विचारावें.

कोणी म्हणेल, मोटारीच्या कांचेवरील फास्टॅग तर चांगला लांबून वाचला जातो! तोहि बिनबॅटरीचाच. माल घेऊन बाजारास जाणाऱ्या आमच्या सभासदांस तो परिचित आहे. फेब्रुवारी १९२१ मध्यें नव्हे, २०२१ मध्यें तो टोलनाक्यांवर सक्तीचा झाला, पण आतांशा तो शंभर वर्षांचा जुना असल्यासारखा अंगवळणीं पडला आहे. त्याचें तंत्र मात्र निराळें. तो सेकंदास सुमारें ८६ कोटी ६० लक्ष वेळां हेलकावणाऱ्या लहरींवर चालतो. ह्या लहरीची लांबी अवघी पस्तीस सेंटिमीटरांच्या आसपास असल्यानें ती वेटोळ्याभोंवतीं घुटमळत न राहतां प्रकाशासारखी सुटून पुढें जाते, आणि तिची शक्ति अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे बरीच सावकाश, घटते. भारतांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ सालीं विनापरवाना खुला झाला तेव्हां प्रक्षेपकास एक वॅटची, व दिशा साधणाऱ्या अँटेनाचा लाभ धरून परिणामी चार वॅटची, मर्यादा घालून दिली गेली. ह्या मर्यादेंत राहून दहा मीटरवरील साध्या अँटेनास, मध्यें कांहीं आडवें न आल्यास, सुमारें पन्नास मायक्रोवॅट मिळतात; म्हणजे एका वॅटाचा वीस-हजारावा भाग. घरांतील लहानांत लहान दिव्यासहि ही शक्ति लुकलुकवूं शकणार नाहीं.

खरी अडचण शक्तीहून दाबाची आहे. एवढ्या शक्तीनें साध्या दांडीच्या अँटेनांत जो दाब येतो तो फार तर एक-पंचमांश व्होल्ट. आणि सिलिकॉनच्या साध्या डायोडची झडप उघडावयासच अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब लागतो! दारावर आलेला पाहुणा इतका अशक्त कीं त्यास दार ढकलवत नाहीं, तशी ही स्थिति. त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला, हलक्या झडपेचा : शॉट्की जातीचा डायोड बराच कमी दाबावर उघडतो. दुसरा उपाय पायरीपायरीनें दाब चढविण्याचा, आणि तो आम्हांस विशेष मनोरंजक वाटतो. स्विट्झर्लंडमधील हाइनरिख ग्राइनाखर ह्या शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो काढला. लहरीच्या एका हिसक्यास पहिली झडप पहिला कंडेन्सर भरते. उलट्या हिसक्यास त्या भरलेल्या कंडेन्सरचा दाब व लहरीचा स्वतःचा दाब एकत्र होऊन दुसऱ्या झडपेंतून दुसऱ्या कंडेन्सरांत जातात, आणि तेथें दाब दुप्पट होतो. अशा पायऱ्या एकीवर एक रचीत गेलें म्हणजे दाब चढत जातो. खोल विहिरींतून टप्प्याटप्प्यानें, ह्या हौदांतून त्या हौदांत, पाणी वर आणावें तसें.

ह्याच पायऱ्यांच्या बळावर १९३२ सालीं केंब्रिज येथें कॉक्रॉफ्ट व वॉल्टन ह्यांनीं लक्षावधि व्होल्टांचा दाब उभा करून लिथियमच्या अणूचें केंद्रक फोडलें आणि १९५१ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. १९७६ सालीं डिक्सन ह्यांनीं त्याच कल्पनेस चिपेच्या पोटांत बसेल असें रूप दिलें. जी मांडणी अणु फोडण्यास उपयोगी पडली तीच आज एक-पंचमांश व्होल्टाचा एक-दीड व्होल्ट करून टोलनाक्यावरील दांडी उचलावयास लावते. परंतु पायऱ्या वाढविल्या म्हणजे लाभ वाढतच जातो असें नाहीं. प्रत्येक झडप आपली जकात कापून घेते, आणि पायऱ्या फार झाल्या तर सर्व माल जकातींतच संपतो. म्हणून थोड्या पायऱ्या, हलक्या झडपा आणि अँटेनाशीं नीट मेळ, ह्यांचा समतोल साधण्यांत ह्या विद्येंतील कारागिरांचें आयुष्य जातें. २००३ सालीं कार्टहाउस व फिशर ह्यांनीं १६.७ मायक्रोवॅटांवर जागी होणारी चिप करून दाखविली तेव्हां ती मोठी मजल समजली गेली. अलीकडील चिपा दहा मायक्रोवॅटांच्या आंतच जागतात. ह्यांत झडपांच्या सुधारणेइतकेंच श्रेय चिपेनें आपला आहार कमी करण्यास आहे, हें सांगितलें पाहिजे.

मग लांबून वाचला जाणारा हाच बिल्ला जनावरांस कां लावूं नये? कांहीं देशांत तसे प्रयोग झाले आहेत व होत आहेत, आणि मोठ्या कळपास धांवत्या स्थितींत मोजावयाचें असल्यास त्याचा उपयोगहि आहे. पण ह्या आंखूड लहरीस पाण्याचें वावडें आहे. आणि जनावराचा देह म्हणजे बहुतांशीं पाणीच. कान ओला झाला, बिल्ला मानेआड गेला, दोन गायी एकमेकींस खेटून उभ्या राहिल्या, कीं शक्ति मांसांतच जिरते. १३४ किलोहर्ट्‌झच्या लहरीस मांस, शेण, चिखल ह्यांपैकीं कशाचीच अडचण होत नाहीं. म्हणूनच चिनीमातीच्या गोळीच्या आंत हा बिल्ला बंद करून ती गोळी जनावरास गिळावयास देतां येते. ती जड असल्यानें पोटाच्या जाळीदार कप्प्यांत बसून राहते, आणि तेथूनहि क्रमांक बाहेर वाचतां येतो. कान फाडून बिल्ला काढणारा चोर तेथपर्यंत पोंचत नाहीं, हा त्यांतील मोठा गुण.

ह्या विद्येचा आणि गाईगुरांचा संबंध मागाहून जुळविलेला नाहीं, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. दुसऱ्याच्या लहरीवर जगणाऱ्या यंत्राचा एक गाजलेला पूर्वज हेरगिरीचा होता : १९४५ सालीं मॉस्को येथें अमेरिकन वकिलास सोव्हिएट मुलांच्या हातून भेट मिळालेल्या लांकडी राजचिन्हांत थेरेमिन ह्यांनीं रचलेलें एक बॅटरीविरहित श्रवणयंत्र दडविलेलें होतें, आणि तें १९५२ पर्यंत कोणास सांपडलें नाहीं. पण आजच्या बिल्ल्याच्या वाढीस मोठी चालना मिळाली ती गोठ्यांतून. अमेरिकेच्या शेतकी खात्यास गुरें दुरून ओळखावयाचीं होतीं व त्यांच्या अंगांतील तापहि कळावयास हवा होता. त्याकरितां लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेंतील कोएल, डेप व फ्रायमन ह्यांनीं केलेलें काम १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. जी प्रयोगशाळा अणुबाँबकरितां जन्मली तिनें गाईच्या तापाची चिंता वाहिली, हें वाचून आम्हांस बरें वाटलें. पुढें ऑस्ट्रेलियानें साऱ्या गोधनास असा बिल्ला लावण्याची पद्धति १९९९ पासून बसविली. युरोपांत मेंढ्या-शेळ्यांस तो २००९ च्या अखेरीपासून आवश्यक झाला. त्यामागें २००१ सालच्या लाळ्या-खुरकुताच्या सांथीची आठवण होती, जींत एकट्या ब्रिटनमध्यें साठ लक्षांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. सांथीच्या वेळीं कोणतें जनावर कोठून कोठें गेलें हें दोन दिवसांत कळणें आणि दोन आठवड्यांनीं कळणें ह्यांत किती दावणी ओस पडतात, हें सांगावयास नको.

आपल्याकडे काय करावें? दोन गायी व एक म्हैस पाळणाऱ्यानें केवळ हौसेखातर चिपेचा बिल्ला घेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यास आपलीं जनावरें नांवानिशीं ठाऊक असतात, आणि रीडरची किंमत एका घरास झेपणारी नसते. जेथें पन्नास-शंभर दुभत्या गायी आहेत, प्रत्येकीच्या दुधाप्रमाणें खुराक तोलून द्यावयाचा आहे, किंवा गांवच्या दूध संस्थेस लसीकरण व कृत्रिम रेतनाच्या नोंदी बिनचूक ठेवावयाच्या आहेत, तेथें एक रीडर सामायिक घेऊन हा खर्च निघूं शकतो. शेळ्यामेंढ्यांच्या मोठ्या कळपासहि तसेंच. विमा उतरविलेल्या जनावराचा बिल्ला हरवला तर भरपाई अडते, अशी अट पशुविम्यांत सामान्यतः असतेच. म्हणून चिपेचा असो वा साधा, बिल्ला गळून पडल्याबरोबर विमा कंपनीस लेखी कळवून नवा मारून घ्यावा, आणि जुन्या क्रमांकापुढें नवा क्रमांक नोंदवून ठेवावा.

विकत घेतांना क्रमांक पाहावा. मानकाप्रमाणें तो पंधरा आंकडी असतो. पहिले तीन आंकडे देशाचे, भारताचे ३५६. पुढील बारा त्या जनावराचे. पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांकहि बारा आंकडीच असल्यानें दोहोंची सांगड घालणें अवघड नाहीं. पहिला आंकडा ९ असेल तर तो क्रमांक देशाचा नसून कारखानदाराच्या संकेतानें दिलेला आहे असें समजावें. अशा बिल्ल्याची नोंद कोठें व कोणाकडे होते तें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. पुन्हां, हा क्रमांक गुप्त नसतो. कोऱ्या चिपेंत दुसऱ्याचा क्रमांक भरून नक्कल करतां येते, म्हणून जनावराचा रंग, शिंगें, भोंवरे, छायाचित्र ह्यांची जुनी नोंद टाकून देऊं नये.

कानास ह्या लहरींनीं कांहीं अपाय होतो काय, असेंहि एका भगिनीनें विचारलें आहे. रीडर जवळ नसतांना बिल्ल्यांतून कांहींच निघत नाहीं, आणि असतांना निघतें तें क्षणभर व अत्यल्प. अपाय होतो तो भोंकाचा. टोचणी निर्जंतुक न करतां बिल्ला मारला, किंवा भर पावसाळ्यांत मारून पुढें लक्ष दिलें नाहीं, तर कान चिघळतो व अळ्या पडतात. कानाच्या मध्यभागीं, दोन जाड कूर्चारेषांमधील मऊ जागा पाहून, मोठी रक्तवाहिनी चुकवून बिल्ला मारावा. मारण्यापूर्वीं रीडर फिरवून तो बोलतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मारल्यावर पुन्हां पाहावें. वाचन होत नसल्यास प्रथम जनावरास लोखंडी खोड्यांतून बाहेर घ्यावें, जवळची विजेची मोटार बंद करावी आणि कांडी कानाशीं वळवून वळवून धरावी. दोन वेटोळीं एकमेकांस काटकोनांत आलीं तर अगदीं जवळ असूनहि बिल्ल्यास घांस मिळत नाहीं. एवढें करूनहि तो मुकाच राहिला, तर तो बिल्ला विक्रेत्यास परत करावा.